घरातल्या गारव्याचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेचे दिवस जसे मोगऱ्याचे, तसेच ते उकाड्याचेही. संध्याकाळी आपण सारे येथे जमता यामागे ज्ञानाची ओढ आहेच. परंतु त्या वेळी घरात बसवत नाही हेही एक कारण असावे, अशी व्याख्यात्यांना नेहमी शंका येते. आजचा माझा विषय त्या न बसवणाऱ्या घराचाच आहे. घरातील हवा माणसाला सुखावह कशी ठेवावी, आणि ते कमीत कमी विजेत कसे साधावे, याचा थोडा विचार आज करू.

हा प्रश्न एके काळी श्रीमंतांच्या चैनीचा समजला जाई. आज तो तसा राहिलेला नाही. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीच्या मानाने १३४४ माणसे अधिक दगावली, असा हिशेब अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदींवरून पुढे मांडला. उन्हात राबणारी माणसे त्यात होतीच असे आपण गृहीत धरतो. पण उष्णतेचा बळी केवळ रस्त्यावर पडत नाही. दिवसभर तापलेली आणि रात्रीही न निवणारी खोली म्हाताऱ्या माणसाला, आजाऱ्याला आणि तान्ह्या मुलाला तितकीच घातक ठरते. तेव्हा घरातला गारवा हा आरोग्याचा विषय आहे, आणि ज्यांच्यापाशी यंत्र घेण्याची ऐपत नाही त्यांच्याबाबतीत तो अधिकच आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. गारवा नावाची वस्तू निसर्गात नाही. दुकानात ती मिळत नाही आणि कारखान्यात ती तयार होत नाही. आहे ती फक्त उष्णता. ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकता येते, एवढेच माणसाच्या हाती आहे, आणि या हमालीची मजुरी द्यावी लागते. म्हणून जी उष्णता घरात शिरलीच नाही, ती बाहेर काढण्याची मजुरीही पडत नाही. हे इतके उघड आहे की कोणी ते नाकारणार नाही. तरीही आपली नवी घरे बांधताना आपण सगळे नेमके हेच विसरतो.

शरीराची चूल

घराकडे वळण्यापूर्वी घरात राहणाऱ्याकडे पाहू. आपले शरीर ही एक सतत पेटलेली चूल आहे. नुसता स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्याइतकी. एखाद्या बंद सभागृहात तीनशे श्रोते बसले, तर व्याख्यान कितीही थंड असले तरी तेथे तीस हजार वॅटची भट्टी चालू असते. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे, कारण शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवावे लागते आणि त्यात दोन-तीन अंशांची वाढदेखील शरीराला सोसत नाही.

ती बाहेर जाते तीन मुख्य वाटांनी. अंगाला लागणारी हवा कातडीहून थंड असली तर ती थोडी उष्णता घेऊन जाते. आजूबाजूच्या भिंती, छत, फरशी हे कातडीहून थंड असले तर शरीरातून त्यांच्याकडे उष्णतेचे उत्सर्जन होते. मध्ये हवा असो वा नसो, ते चालूच राहते. तिसरी वाट घामाची. घाम नुसता आल्याने गारवा वाटत नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळताना जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढ्या उष्णतेत साडेपाच लिटरांहून अधिक बर्फासारखे थंड पाणी उकळीला येईल. माठातले पाणी ज्या न्यायाने थंड होते, त्याच न्यायाने माणूसही थंड होतो. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माठ जसा नीट काम करीत नाही, तसेच आपलेही होते. हवाच बाष्पाने भरलेली असली की घाम वाळत नाही, नुसता निथळतो.

यावरून ध्यानात येईल की घरातले सुख हे एका थर्मामीटरच्या आकड्यावर अवलंबून नाही. हवेचे तापमान, हवेतला दमटपणा, हवेची हालचाल आणि भोवतालच्या भिंती-छताचे तापमान या चार गोष्टी मिळून ते ठरते; त्यात आपले कपडे आणि आपले काम यांची भर पडते. भिंतीवरचा थर्मामीटर ३२ अंश दाखवीत असतो, पण वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरची स्लॅब ३८-४० अंशांवर गेलेली असते. हवा तितकीशी तापलेली नसतानाही त्याच्या जिवाची तगमग का होते, याचे उत्तर त्या स्लॅबमध्ये आहे. तो माणूस मंद निखाऱ्यांखाली निजलेला असतो.

यंत्राची जन्मकथा

आता या चार गोष्टींवर ताबा मिळविणाऱ्या यंत्राकडे वळू. उष्ण देशातल्या लोकांनी गारव्यासाठी पूर्वी फार लांबचे उपाय केले. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून कलकत्त्यास घेऊन आले. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही हा व्यापार वाढला आणि बर्फाची कोठारे उभी राहिली. चेन्नईचे ते कोठार अजून समुद्रकाठी उभे असून विवेकानंदांच्या वास्तव्यामुळे आता त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्या बर्फाची खूण आपल्या बोलण्यात टिकून आहे. ‘दीड टनाचा एसी’ असे आपण म्हणतो, तो टन त्या यंत्राच्या वजनाचा नव्हे. अमेरिकेतील एक टन म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढे काम म्हणजे एक टन. वॅटच्या भाषेत ते सुमारे साडेतीन हजार वॅट होते. अर्थात, आपल्या निजण्याच्या खोलीतील दीड टनाचे यंत्र दिवसरात्र पूर्ण ताकदीने चालले, तर तेराशेहून अधिक किलो बर्फाचे काम करते. एका खोलीसाठी रोज एक मालमोटार बर्फ! पूर्वीच्या संस्थानिकांनीही इतका मागविला नसता.

हे यंत्र माणसांच्या सुखासाठी जन्मले नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. रंगीत छपाईत एकाच कागदावर निरनिराळे रंग एकामागून एक चढवावे लागतात. उन्हाळ्यातील दमट हवेने कागद फुगे, कोरड्या दिवशी आक्रसे, आणि रंग एकमेकांवर बरोबर बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातले पाणी गाळून काढण्याची योजना आखली. कागदाला जे हवे होते, ते माणसालाही आवडते असे मागाहून दिसून आले. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दही कापडगिरण्यांच्या व्यवहारातून, १९०६ साली, स्टुअर्ट क्रेमर या अभियंत्याने रूढ केला. तुटणाऱ्या सुताला दमट हवा पाहिजे होती, फुगणाऱ्या कागदाला कोरडी. म्हणजे आरंभापासून या विद्येत दमटपणाला तापमानाइतकाच मान होता. आपण मात्र रिमोटवरचा एकच आकडा पाहतो.

हे यंत्र करते काय? खोलीतल्या नळ्यांत एक द्रव्य उकळून वायुरूप होते, तेव्हा खोलीची उष्णता शोषून घेते. तो वायू बाहेरच्या पेटीत दाबून पुन्हा द्रव केला जातो, तेव्हा ती उष्णता बाहेर टाकतो. वीज खर्च होते ती मुख्यतः या दाबण्याच्या कामी. चांगले यंत्र एक युनिट विजेत तीन ते पाच युनिट उष्णता वाहून नेते. ही विज्ञानाची मोठी करामत आहे यात शंका नाही. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. समजा, एक युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता खोलीतून बाहेर गेली. ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेरच्या बोळात साडेचार युनिट उष्णता पडली. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना अशा पन्नास पेट्या धापा टाकीत असल्या, म्हणजे ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांच्या खिडकीत काय येत असेल याची कल्पना करा. आपल्या खोलीतला गारवा हा शेजाऱ्याच्या खोलीतला उकाडा होऊ शकतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. भिंतीवर टांगलेले सामान्य यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. खोलीतलीच हवा ते पुनःपुन्हा फिरविते. दारे-खिडक्या घट्ट लावून चार माणसे रात्रभर निजली, तर सकाळी डोके जड होते त्यात नवल नाही. गार हवा आणि शुद्ध हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऊन घरात शिरते कसे

ज्या उष्णतेला बाहेर काढण्यासाठी एवढा खटाटोप, ती आत येते कोठून? चोर कोणत्या वाटेने येतो हे कळल्याखेरीज कुलूप कोठे लावावे हे कळत नाही.

पहिली वाट डोक्यावरची. मेच्या मध्याच्या सुमारास पुण्याच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हे नव्वद हजार वॅट झाले. यातले बरेचसे परत आकाशात आणि वाऱ्यात जाते; पण दहावा हिस्सा जरी खाली उतरला, तरी तो बाहेर काढण्यास अडीच टनांचे यंत्र लागेल. शिवाय ही उष्णता लगेच उतरत नाही. सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून तिला आत पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी एकचे ऊन संध्याकाळी पाचला घरात येते, आणि सूर्य मावळला तरी छत तापलेलेच राहते. आपण कामावरून परततो त्याच मुहूर्तावर.

दुसरी वाट पश्चिमेची. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडत नाही, कारण सूर्य डोक्यावरून जातो. तेथे खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला की काम भागते. हिवाळ्यात मात्र तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि छज्ज्याखालून हवेहवेसे ऊन आत येते. निसर्गाची ही सोय आपल्या बाजूची आहे. पूर्व-पश्चिमेची गोष्ट निराळी. तेथे सूर्य खाली उतरून तिरपा येतो, आणि छज्जा कितीही लांब केला तरी त्याच्या खालून आत पाहतो. अशा ठिकाणी उभा आडोसा पाहिजे: झाड, जाळी, झडपा किंवा बांबूची चिक.

तिसरी वाट काचेची. काच उन्हाला आत घेते, पण त्या उन्हाने तापलेल्या फरशीची आणि सामानाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून काचेच्या आतल्या बाजूला लावलेला पडदा बराचसा उशिरा पोचलेल्या पहारेकऱ्यासारखा असतो. ऊन एकदा काचेतून आत आले की पडदा तापतो आणि तो खोलीतच तापतो. तीच चिक काचेच्या बाहेर टांगली तर ऊन उंबऱ्याबाहेर अडते. थंड देशांत, जेथे ऊन हे वरदान आहे, तेथे काचेच्या भिंती समजू शकतात. आपल्याकडे पश्चिमेला अखंड काच लावायची आणि मग तिच्याशी यंत्राने झुंजायचे, हे उन्हाला पत्रिका पाठवून दारात भांडण काढण्यासारखे आहे.

जुन्या घरांची शिकवण

आपल्या वाडवडिलांपाशी यंत्र नव्हते, म्हणून त्यांना चोराच्या वाटाच बंद कराव्या लागल्या. कोकणात हवा दमट, पाऊस धो धो, दिवसरात्रीच्या तापमानात फरक थोडा. तेथे घाम वाळण्यासाठी वारा हवा. म्हणून उतरते कौलारू छप्पर, कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा, भोवती पडवी आणि भिंतीवर ऊन येऊ न देणाऱ्या खाली झुकलेल्या पागोळ्या. घाटावर आणि मराठवाड्यात हवा कोरडी, दिवसा काहिली आणि रात्री गारवा. तेथे दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत थोपवून धरणे हा उपाय. म्हणून वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, मातीची माळवदे, लहान खिडक्या आणि मधला चौक. त्या भिंतींतून ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई. तोवर माणसे अंगणात नाही तर माळवदावर निजायला गेलेली असत. जाड भिंतीचे माजघर भर दुपारी निवांत वाटे ते यामुळे.

येथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या माजघरात उजेड नव्हता, धूर कोंडे, आणि घरातल्या स्त्रियांचे आयुष्य त्या अंधारात जाई. माळवद दरवर्षी चोपावे लागे आणि तरी गळे. ती घरे पुन्हा बांधावीत असे कोणी म्हणणार नाही. घ्यायचे ते एवढेच की प्रत्येक घर आपल्या गावच्या हवेकडे पाहून बांधलेले होते. आज रत्नागिरीला, लातूरला आणि अकोल्याला एकच नकाशा, एकच चार-सहा इंची विटेची भिंत आणि एकच उघडी स्लॅब आपण चढवितो, आणि हवामानातला फरक विजेच्या बिलाने भरून काढतो.

नव्या बांधकामातही हे शहाणपण आणता येते याचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ‘कांचनजंगा’ ही उंच इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्राचा देखावाही तिकडेच. पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा मारा हेही त्याच दिशेचे. कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती घेतली आणि प्रत्येक घराला दोन मजली उंचीची गच्चीवजा बाग दिली. वारा तिच्यातून आत येतो. ऊन आणि पाऊस बहुतेक तिच्यातच अडतात. ती घरे धनिकांची आहेत हे खरे. पण पडवी ही कल्पना धनिकांची नव्हती.

नागपूरचा कूलर मुंबईत

हवामानाकडे दुर्लक्ष केले की चांगला उपायही निष्फळ होतो. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून उन्हाळा काढण्याची रीत जुनी आहे. कूलर हे तिचेच विजेवर चालणारे रूप. नागपूरला मे महिन्यात भर दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असली, तर थर्मामीटरला ओले फडके गुंडाळून वारा घातल्यास तो साधारण २३ अंशांपर्यंत उतरतो. कूलरला कमाल इतकेच खाली जाता येते. चांगला कूलर या वाटेचा तीन-चतुर्थांश भाग सहज चालून जातो आणि २८ अंशांच्या आसपासची हवा देतो, तीही एखाद्या पंख्याला लागावी त्याहून थोड्या जास्त विजेत. तोच कूलर मुंबईला न्या. तेथे ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असता ओल्या फडक्याचा थर्मामीटर २७-२८ च्या खाली उतरतच नाही. कूलरने हवा तीन-चार अंश उतरेल, पण ती इतकी दमट होईल की घाम वाळणे थांबेल. विदर्भातही पहिला पाऊस झाला की कूलरचा प्रभाव संपतो. आणि कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. एसीला मात्र दारे बंद हवीत. दोहोंचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

पंखा आणि सवय

आता आपल्या घरातल्या सर्वांत उपेक्षित यंत्राविषयी, म्हणजे छताच्या पंख्याविषयी. पंखा खोली थंड करीत नाही. तो माणसाला थंड करतो. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवणे निरर्थक आहे. पण अंगावर बऱ्यापैकी वारा लागला की माणसाला हवा दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखे वाटते. साधा पंखा ७५ वॅट घेतो, नवा ब्रशविरहित मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालताना दीड हजार वॅटच्या घरात घेते. म्हणजे एका एसीच्या विजेत वीस साधे किंवा पन्नास नवे पंखे फिरतात. पंख्याला मर्यादा आहे; हवा चाळीस अंशांच्या वर आणि कोरडी असली, तर तिचा झोत अंगाला भाजतो. अशा दुपारी खिडक्या-दारे लावून घ्यावीत आणि रात्री, बाहेर निवले म्हणजे, सताड उघडावीत, हा आजीबाईंचा नियम शास्त्रशुद्ध आहे.

मग योग्य तापमान कोणते? बरीच वर्षे कचेऱ्या आणि हॉटेले २१-२२ अंशांवर ठेवण्याची चाल होती, आणि बाहेर चाळीस अंश असता आत शालीची गरज लागे. २०१४ साली अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशातील पाच शहरांच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना विचारून एक सूत्र बसविले. ते २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आले. खिडक्या उघडणाऱ्या इमारतींपुरते ते असे: बाहेरच्या गेल्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणावे आणि त्यात १२.८३ मिळवावे. बाहेरची सरासरी ३२ असली तर उत्तर ३० येते. अर्थात पंख्याखाली, सुती कपड्यांत, हवेची सवय असलेल्या आपल्या माणसांना ३० अंश सुखाचे वाटतात. शरीर आणि मन दोन्ही ऋतूशी जुळवून घेतात. त्यांना ती संधी मात्र दिली पाहिजे.

केंद्र सरकारच्या ऊर्जा-दक्षता ब्यूरोने १ जानेवारी २०२० पासून खोलीतल्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे उत्पादकांना बंधनकारक केले. एक अंश वर नेला की विजेत सुमारे ६ टक्के बचत होते, असा ब्यूरोचाच अंदाज आहे. २६ अंश आणि वर मंद पंखा, ही जोडी बहुतेकांना पुरते. घरात येताच १८ चा आकडा लावल्याने खोली लवकर थंड होते हीही समजूत बहुधा खोटी. यंत्र आपल्याच चालीने चालते, फक्त थांबण्याचे विसरते.

खर्चाचा क्रम

श्रोतेहो, एवढ्या विवेचनानंतर व्यवहाराची गोष्ट सांगतो. गारव्यासाठी पैसा खर्च करायचाच असेल तर त्याला क्रम आहे: आधी ऊन अडवावे, मग वारा द्यावा, आणि उरलेल्या उकाड्यासाठी यंत्र आणावे. आपण बहुतेक वेळा शेवटून सुरुवात करतो.

ऊन अडविण्यात पहिला मान गच्चीचा. पांढऱ्या चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा हात दिलेली गच्ची बरेचसे ऊन परत पाठविते. उघड्या स्लॅबखालच्या किंवा पत्र्याखालच्या खोलीत यामुळे दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. धूळ बसून रंग मळतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी, जरूर तर पुन्हा हात द्यावा. त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे. २०१८ साली केंद्राने निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिच्यात छतातून उष्णता उतरण्याची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, तिच्या तिप्पट उष्णता आपल्या नेहमीच्या उघड्या स्लॅबमधून उतरते. सहकारी गृहसंस्थेच्या सभेत वाहनतळावर जेवढा वाद होतो, त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी चर्चा गच्चीवर झाली, तर वरच्या मजल्यावरच्या सभासदांचे कल्याण होईल. त्यानंतर पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून चिक. त्यानंतर चांगले पंखे. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या. आणि मग, एका खोलीपुरते, अधिक ताऱ्यांचे यंत्र.

या क्रमात एक अडचण आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. घर बांधणारा एक असतो आणि त्यात राहणारा दुसरा. बिल्डरला स्लॅबवर थर घालण्याचा खर्च एकदाच दिसतो. तो न घातल्याचे बिल राहणारा पन्नास वर्षे भरतो. भाडेकरूला तर भिंतीत बदल करण्याचा अधिकारही नसतो. म्हणून हे केवळ ग्राहकाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. नगरपालिकेने नकाशा मंजूर करताना जसा संडासाचा आणि जिन्याचा विचार केला जातो, तसा छताचाही झाला पाहिजे. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले आणि अहमदाबादेत उष्णतेच्या आराखड्याबरोबर वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम झाले. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला एसी देता येणार नाही. चुन्याची बादली देता येईल.

यात साऱ्या देशाचाही स्वार्थ आहे. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता, आणि तो गाठला गेला कडक उन्हाळ्यात. दुपारी निदान सूर्य वीज देतो. रात्री, तापलेल्या स्लॅबखाली यंत्रे सुरू होतात तेव्हा सूर्य नसतो, आणि आपल्याकडे मुख्यतः कोळसा जळतो. त्या कोळशाच्या धुराने हवा आणखी तापते, ती निवविण्यास आणखी यंत्रे लागतात. २०१९ च्या मार्चमध्ये सरकारने जो शीतकरण कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यात २०३७-३८ पर्यंत गारव्याची मागणीच २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. मागणी कमी करणे याचा अर्थ लोकांना उकाड्यात बसविणे असा नाही. घरे मुळातच कमी तापतील अशी बांधणे, असा त्याचा अर्थ आहे.

आज घरी गेल्यावर एक लहानसा प्रयोग करून पाहा. निजण्यापूर्वी एक हात वरच्या मजल्याच्या छताला किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावा. हात लगेच मागे घ्यावासा वाटला, तर आपले बिल कोठे तयार होते ते समजेल. आणि पुढच्या उन्हाळ्यापूर्वी गच्चीच्या चुन्यासाठी वर्गणी मागायला कोणी दारात आले, तर त्यांना परत पाठवू नका, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.